कसणारा, लिहिणारा आणि मालक



आजचा विषय पत्रिकेवर ‘सॉफ्टवेअर व इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांतील बौद्धिक संपदेचे संरक्षण’ असा छापला आहे. नाव ऐकून वाटतं, हा मुंबई-पुण्याचा विषय, वकिलांचा आणि मोठ्या कंपन्यांचा. अच्छाडला त्याचं काय? आम्हाला मात्र वाटतं की या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो या भागाने फार आधी आणि फार मोठ्या आवाजात विचारलेला आहे. प्रश्न असा : एखादी गोष्ट घडवतो एक आणि तिचा मालक ठरतो दुसरा, हे कशाच्या आधारावर?

२३ मे १९४५. झरी गावात किसान सभेची सभा भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या सभेला होते. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. तिथे वारल्यांनी ठरवलं की यापुढे सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही. जमीन आम्ही कसतो, गवत आम्ही कापतो, लाकूड आम्ही तोडतो, आणि हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत, हे त्या लोकांना मान्य नव्हतं. पुढे १९४८ चा मुंबई कुळकायदा आला, आणि त्याच्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारं कूळ हेच जमिनीचं मालक मानलं गेलं. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्याच्या भाषेत आली. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर ती उतरली नाही, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. पण तत्त्व मान्य झालं.

आता गंमत बघा. त्याच वर्षी, ४ जून १९५७ रोजी, भारताचा कॉपीराइट कायदा झाला. म्हणजे अवघ्या दोन महिन्यांचं अंतर. या कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटलं आहे की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. इथवर ‘कसेल त्याची जमीन’सारखंच झालं. पण लगेच अपवाद येतात. त्यातला एक असा : नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं असेल, त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. जमिनीच्या कायद्याने मालकी जमीनमालकाकडून कसणाऱ्याकडे नेली, तर लेखनाच्या कायद्यात ती लिहिणाऱ्याच्या हातात येण्याआधीच पुढे जाते. १९५७ साली या अपवादाचं फारसं कुणाला काही वाटलं नसेल. तेव्हा पगारावर लिहिणारे लोक होतेच किती? आज लाखो लोक पगारावर प्रोग्रॅम लिहितात आणि त्या सगळ्यांचं लिखाण याच एका वाक्यातून मालकाच्या घरात जातं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून शब्दाशी थोडं थांबतो. मराठीत कॉपीराइटला आपण ‘स्वामित्वहक्क’ म्हणतो. इंग्रजी शब्दात प्रत काढण्याच्या हक्काचा उल्लेख आहे, आपल्या शब्दात थेट स्वामी आला. आपल्या परंपरेत कर्ता आणि स्वामी हे दोन वेगळे शब्द आहेत. मूर्ती घडवणारा कर्ता, देवस्थान स्वामी. कर्तृत्व हे घडलेल्या गोष्टीबद्दलचं सत्य आहे. ते बदलता येत नाही. स्वामित्व ही समाजाने केलेली व्यवस्था आहे; ती देता येते, विकता येते, काढून घेता येते. आजच्या व्याख्यानात आपण हा एवढाच भेद धरून चालणार आहोत.

या भेदावर युरोपात सर्वांत परिणामकारक विचार जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या शेवटी मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं : निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. अट एक, इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. हाच लॉक ग्रंथांच्या बाबतीत मात्र सावध झाला. लंडनच्या पुस्तक-विक्रेत्यांच्या संघाला छपाईची कायमची मक्तेदारी असावी याला त्याने विरोध केला. हक्क असलाच तर तो मुदतीचा असावा, असं सुचवलं. कारण उघड आहे. जमीन वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. विचार वाटला तर कमी होत नाही. प्रोग्रॅमची प्रत आम्ही तुम्हाला दिली तर आमच्याकडचा प्रोग्रॅम जातो कुठे? मग त्याला कुंपण का घालायचं? उत्तर असं दिलं जातं की कुंपण नसेल तर पुढचा माणूस पेरणार नाही. हे उत्तर खोटं नाही. पण कुंपण कुणासाठी घातलं होतं आणि आत कोण बसलं, हे पाहायला इतिहासच लागतो.

१९६० हे साल आपल्याला दोन कारणांनी लक्षात ठेवायचं आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. जुना उंबरगाव तालुकाही फुटला. मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली, आणि अच्छाड सीमेवरचं गाव झालं. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा संगणक पूर्णपणे चालू झाला. भारतात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्यावर चालणारे प्रोग्रॅम शास्त्रज्ञ स्वतः लिहीत, एकमेकांना देत. ते कुणाच्या मालकीचे, असा प्रश्न उठायला कारणच नव्हतं. जगातही तेव्हा प्रोग्रॅमला वेगळी किंमत नव्हती. यंत्र घेतलं की प्रोग्रॅम सोबत यायचा, पंपाबरोबर माहितीपुस्तिका यावी तसा. जून १९६९ मध्ये आयबीएमने अमेरिकेत जाहीर केलं की यापुढे यंत्राचे आणि प्रोग्रॅमचे पैसे वेगळे. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकायची वस्तू झाली ती इथून. आणि विकायची वस्तू झाली की चोरी आली, कुलूप आलं, कायदा आला.

भारतात याला वेगळं वळण लागलं. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारच्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनकडे आली. इकडे मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, म्हणजे टीसीएसने, फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीसाठी काम सुरू केलं. एका यंत्रावरचे प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालतील असे पुन्हा लिहून देणे, अशा प्रकारचं ते काम. अंधेरीला १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, आपलं सीप्झ, उभं राहिलं होतं. मुंबईच्या सॉफ्टवेअर-निर्यातीचा पाया तो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. निर्यात होत होते ते श्रम. प्रोग्रॅम दुसऱ्याचा, यंत्र दुसऱ्याचं, आणि पुन्हा लिहून दिलेला प्रोग्रॅमही करारानुसार ग्राहकाचाच. हुशार मुलं, उत्तम काम, चांगला पगार. पण शेत दुसऱ्याचं. आम्ही हे तुच्छतेने म्हणत नाही. त्या कामाने हजारो मध्यमवर्गीय घरं उभी राहिली. पण देशाच्या सॉफ्टवेअरची पहिली सवय ही कर्तृत्व विकण्याची होती, स्वामित्व कमावण्याची नव्हती.

मग कायदा आला. ८ ऑक्टोबर १९८४ पासून कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत संगणक प्रोग्रॅम बसवला गेला, तोही ‘साहित्यकृती’ म्हणून. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि बँकेचा प्रोग्रॅम एकाच फळीवर. हसू येतं, पण त्यात तर्क आहे : दोन्ही अक्षरांनी लिहिलेल्या रचना आहेत. १० मे १९९५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शिक्षा कडक केली. चोरीचा प्रोग्रॅम आहे हे ठाऊक असून वापरला, तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. त्याच वर्षी भारत जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण देणं ही आंतरराष्ट्रीय जबाबदारी झाली.

पेटंटच्या बाबतीत मात्र आपली संसद थांबली. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३ (के) आलं : संगणक प्रोग्रॅम हा निव्वळ प्रोग्रॅम म्हणून पेटंटला पात्र नाही. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकमाने हे दार किलकिलं करण्याचा प्रयत्न झाला. २००५ साली कायदा करताना संसदेने तो बदल टाकून दिला. अर्थ असा : तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम कुणी उतरवून घेऊ शकत नाही, पण त्यामागची रीत वापरून दुसऱ्याने स्वतः नवा प्रोग्रॅम लिहिला तर सहसा त्याला अडवता येत नाही. आमच्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. रीत ही विहिरीसारखी असते, पाणी सगळ्यांनी भरावं.

कॉपीराइट आणि पेटंट या दोन कुंपणांबाहेर तिसरं एक आहे, ते म्हणजे गुपित. याचा भारतातला महत्त्वाचा खटला सॉफ्टवेअरचा नाही, पण आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे. कल्याणजवळ सेंच्युरी कंपनीचा टायरसाठी लागणारं सूत बनवण्याचा विभाग होता. त्याचं तंत्र हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून आलं होतं, आणि ते गुप्त ठेवण्याची अट होती. एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ साली पाच वर्षांचा करार केला, प्रशिक्षण घेतलं आणि दीडेक वर्षात नोकरी सोडून जास्त पगारावर राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ च्या निकालात न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला : कराराच्या मुदतीपुरतं त्याला तेच काम दुसरीकडे करता येणार नाही.

हा निकाल आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या नेमणूकपत्राचा पूर्वज आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणून नोकरी संपल्यावरही ‘दोन वर्षं कुणा स्पर्धकाकडे जायचं नाही’ असं लिहून घेतलं, तरी ते बंधन भारतात सहसा टिकत नाही. न्यायालयांनी फरक केला तो असा : हातातलं कसब कामगाराचं, कपाटातलं गुपित मालकाचं. कसब घेऊन जा, फाइल घेऊन जाऊ नका.

फाइल नेली तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईच्याच कंपनीचं आहे. एपिक ही अमेरिकेतली रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. तिने २०१४ साली टीसीएसवर दावा लावला : एका ग्राहकाच्या कामासाठी मिळालेल्या प्रवेशाचा वापर करून आमची गोपनीय कागदपत्रं उतरवून घेतली. टीसीएसने आरोप नाकारला. २०१६ मध्ये ज्यूरीने ९४ कोटी डॉलर भरपाई ठरवली. ती पुढे कमी होत गेली आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर २८ कोटी डॉलरवर स्थिरावली. पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या यंत्रासाठी लिहून देणारी कंपनी आता स्वतःचं उत्पादन विकू लागली होती, आणि सीमारेषा कुठे आहे हा प्रश्न तिच्याच दारात आला. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये त्याचा मसुदा सुचवला आहे.

आता दुसऱ्या टोकाची दोन मराठी उदाहरणं घेऊ. कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडायचे. धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. त्यांनी प्रोग्रॅम कुणाला लिहून दिला नाही. स्वतःच्या नावावर ठेवला आणि वापरण्याचा परवाना विकला. इथे कर्ता आणि स्वामी एकच घर होतं.

दुसरं उदाहरण आपल्या लिपीचं. नव्वदच्या दशकात ज्यांनी डीटीपीची कामं केली त्यांना आठवत असेल, मराठी फाँटचं सॉफ्टवेअर घेतलं की बरोबर एक ‘लॉक’ यायचं. संगणकाच्या मागे ते खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. कारण प्रती बेसुमार निघत होत्या. कंपन्यांचं म्हणणं रास्त होतं. पण एका कंपनीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की नुसती चिन्हांची भेळ. कुंपण फाँटला घातलं आणि आत मराठी मजकूरच कोंडला गेला.

त्यातून बाहेर काढलं ते युनिकोडने, आणि ज्या हातांनी मदत केली त्यात कोल्हापूरचे सुलेखनकार र. कृ. जोशी होते. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी ते जोडलेले होते. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा; त्याची मालकी मायक्रोसॉफ्टची. त्यांचाच ‘रघु’ हा फाँट त्या केंद्राने मुक्त परवान्यावर दिला : वापरा, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. हात एकच, वळण एकाच माणसाचं, पण मालकीचे प्रकार दोन. या मुक्त परवान्यात एक खुबी आहे. तो कॉपीराइट सोडून देत नाही. कॉपीराइटच्याच जोरावर सांगतो की कुणी कुंपण घालायचं नाही. गावाने गायरान राखावं तसं.

आतापर्यंत न दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोललो. इलेक्ट्रॉनिक्सचा माल मात्र दिसतो, आणि अच्छाडसारख्या गावाला नाका म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ट्रक थांबतो, बिल्टी दाखवली जाते, माल आणि कागद जुळतात का ते बघतात. पण डब्यातल्या फोनमध्ये कुणाची कल्पना आहे, हे नाक्यावरच्या माणसाने कसं ओळखायचं? २००७ साली केंद्राने नियम केले की बौद्धिक संपदेचा भंग करणारा आयात माल कस्टम्सला अडवता येईल. त्यानंतर मदुराईच्या एका संशोधकाने, एकाच फोनमध्ये अनेक सिमकार्डं चालवण्याच्या २००८ साली मिळालेल्या पेटंटच्या जोरावर तक्रार केली, आणि दोन सिमचे फोन कस्टम्समध्ये अडकू लागले. आयातदार, मोठ्या कंपन्या, सगळे धावले. २०१२ मध्ये अपील मंडळाने ते पेटंटच रद्द केलं. २०१८ च्या जूनमध्ये त्या नियमांतून पेटंट हा प्रकार वगळण्यात आला. नकली बोधचिन्ह अधिकाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. पेटंटचा भंग ठरवायला न्यायाधीश लागतो. हे शहाणपण यायला अकरा वर्षं गेली. डहाणू तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. बंदराबरोबर कस्टम्स येईल, म्हणजे हे प्रश्न आणखी जवळ येतील.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणखी एक कायदा आहे, २००० सालचा, चिपच्या आतल्या मांडणीचं दहा वर्षं रक्षण करणारा. नखाएवढ्या तुकड्यावर वाटा कशा आखायच्या, हीसुद्धा संपदा. तिथेही आखणारा पगारदार असेल तर मालकी नोकरी देणाऱ्याचीच.

आणि आता आम्ही आपल्या अंगणात येतो. समजा, या तालुक्यातल्या एका घरात दोन भावंडं आहेत. भाऊ वारली चित्रं काढतो. एका हॉटेलने त्याला पैसे देऊन एक मोठं चित्र काढून घेतलं. बहीण संगणक शिकली आहे. त्याच हॉटेलने तिला पैसे देऊन खोल्यांच्या नोंदणीचा प्रोग्रॅम लिहून घेतला. दोघांपैकी कुणीही हॉटेलचं नोकर नाही. दोघांनीही काही लिहून दिलेलं नाही. मालक कोण?

बहुतेकांना वाटेल, दोघांचं उत्तर एकच. तसं नाही. कलम १७ चा दुसरा अपवाद सांगतो की पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक सांगणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे चित्राचा कॉपीराइट हॉटेलचा. उद्या हॉटेलने ते चित्र पिशव्यांवर छापलं तर भावाला त्यातलं काही नाही. पण या अपवादात प्रोग्रॅम येत नाही. बहिणीच्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट बहिणीचाच. हॉटेलला तो हवा असेल तर कलम १९ प्रमाणे तिच्याकडून लेखी घ्यावा लागेल. त्या लेखात मुदत घातली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश घातला नसेल तर फक्त भारत. एका घरात, एका गिऱ्हाइकासाठी, एका कायद्याखाली, दोन निकाल. आणि दोघांच्याही बाबतीत एका कागदाने निकाल उलटवता येतो.

मंडळी, आम्ही एवढा सगळा इतिहास सांगितला तो या कागदापर्यंत पोचण्यासाठी. झरीच्या सभेआधी इथल्या माणसाचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठायचा, कागदात काय लिहिलंय ते त्याला माहीत नसायचं. आज आपली पदवीधर मुलं वीस पानांच्या नेमणूकपत्रावर न वाचता सही करतात, मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबतात. साक्षरता आली, वाचन आलं नाही. काही नेमणूकपत्रांत असंही असतं की नोकरीच्या काळात, घरी, रविवारी, स्वतःच्या संगणकावर जे लिहाल तेही कंपनीचं. कायदा एवढं मागत नाही, कागद मागतो. त्या वेळी विचारता येतं, बदलून मागता येतं. निदान माहीत असताना सही करता येते.

मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. मोठा प्रोग्रॅम शेकडो हातांनी होतो. प्रत्येकाने आपला तुकडा मागितला तर तो चालणारच नाही. भांडवल, जोखीम, गिऱ्हाईक मालक आणतो. ‘लिहील त्याचा प्रोग्रॅम’ अशी सरसकट घोषणा आम्ही देणार नाही. शेत आणि प्रोग्रॅम सारखे नाहीत, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. आमचं म्हणणं एवढंच, की स्वामित्व दिलं म्हणून कर्तृत्व पुसलं जाऊ नये. आणि हे म्हणणं कायद्यातही आहे, लोकांना ठाऊक नसतं इतकंच. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की मालकी विकल्यावरही कर्त्याचे दोन हक्क उरतात : ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि माझी प्रतिष्ठा बिघडेल अशी तिची मोडतोड होऊ लागली तर हरकत घेण्याचा. प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याला काही मर्यादा आहेत. नावाचा हक्क मात्र उरतोच. पेटंटमध्येही मालक कंपनी असली तरी संशोधक म्हणून माणसाचं नाव नोंदवून घेता येतं. हॉटेलने चित्राखालचं भावाचं नाव खोडलं, तर तो बोलू शकतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपले संत अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालत. त्यांनी अभंगाची किंमत मागितली नाही, गाणाऱ्याला अडवलं नाही. नाव मात्र राखलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध केला, आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घुसडू नये अशी ताकीदही दिली. ग्रंथ सर्वांसाठी खुला, भेसळ मात्र नको. स्वामित्वाशिवाय कर्तृत्वाचं रक्षण आपल्या भाषेने चारशे वर्षांपूर्वी करून पाहिलं होतं.

राहिला प्रश्न जिथे कर्ता एक माणूस नसतो त्याचा. वारली चौकाचा कर्ता कोण? कुठली पहिली धवलेरी, ते कुणी सांगू शकणार नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या एकेका चित्राचे कर्ते ते, पण त्या चित्रभाषेचा कर्ता अख्खा समाज. कॉपीराइटला असा कर्ता दिसत नाही. म्हणून १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा आधार घेतला गेला, आणि आदिवासी युवा सेवा संघाच्या नावे २०१४ साली वारली चित्रकलेला मानांकन मिळालं. ही मालकी एकट्याला विकता येत नाही, हे तिचं बळ. पण ती नावाचं रक्षण करते, आकृत्यांचं नाही. ‘वारली’ हे नाव न वापरता कुणी तारप्याभोवतीचा फेर संगणकावर काढला आणि मोबाइलच्या कव्हरवर छापला, तर मानांकन तिथे तोकडं पडतं. तिथे उपयोगी पडेल ती आपलीच नोंद : कोणत्या चित्रकाराने, कोणत्या साली, काय काढलं. त्या नोंदी ठेवणं हे काम इथल्या भावाचं, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम लिहिणं हे इथल्या बहिणीचं. फक्त तो लिहिण्याआधी दोघांनी बसून एक कागद करावा, त्यात कर्त्याचं नाव कुठे येईल ते आधी लिहावं, आणि मालकी कुणाची ते नंतर.

आम्ही इथे थांबतो. नेमणूकपत्रं, करार यांच्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आता जरूर विचारा; ज्यांच्याकडे असा कागद असेल त्यांनी तो घेऊनच पुढे यावं.